पिवळा दिवा लागला म्हणजे पार्ट गेला असे नव्हे

ऊस पिवळा पडला की जाणता शेतकरी लगेच युरियाची गोणी फोडत नाही. तो आधी फडात शिरतो आणि पाने बघतो. नत्र कमी पडले असेल तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे झाले तर कोवळी पाने पांढुरकी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणजेच केवडा पडतो. बुडाला हुमणी लागली असेल तर बेट ओढले की हातात येते. लक्षण एकच, पण कारणे तीन आणि तिन्हींचे उपाय वेगळे. एवढे ज्याला कळते तोच शेतकरी, आपल्या पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये गाडी लावून मोकळा होतो आणि म्हणतो, "दिवा लागलाय, काय टाकायचं ते टाका." मग सेन्सर टाकला जातो. आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग दुसरा सेन्सर, मग ईजीआर व्हॉल्व्ह, मग "इंजेक्टर बघावे लागतील" असे ऐकू येते. दुखणं रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला, अशातला हा प्रकार आहे.

हा प्रश्न आता चार-दोन गाडीवाल्यांपुरता राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून विक्रीला येणाऱ्या नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले, १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा आणखी कडक टप्पा आला, आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरनाही धुराचे नवे निकष लागले. दुधाची गाडी, भाजीपाल्याची पिकअप, ग्रामपंचायतीची घंटागाडी, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, सगळीकडे इंजिनवर संगणकाची नजर आहे. तेव्हा हा दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे घरातल्या कर्त्या माणसाला आणि गावच्या कारभाऱ्यांना ठाऊक असलेच पाहिजे.

कोड म्हणजे तक्रार, निकाल नव्हे

इंजिनचा संगणक, ज्याला फिटर ईसीएम म्हणतात, तो हवा, डिझेल, उष्णता, दाब, धूर अशा अनेक गोष्टी सतत मोजतो. एखादे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तो एक क्रमांक नोंदवून ठेवतो आणि दिवा लावतो. स्कॅनर लावला की तो क्रमांक दिसतो. हाच कोड. आता इथेच खरी गोम आहे. कोड हे बिघडलेल्या पार्टाचे नाव नाही. कोणते माप बिघडले एवढेच तो सांगतो. ते का बिघडले, हे माणसानेच शोधायचे असते.

उदाहरणे घ्या. पी ००८७ म्हणजे डिझेलचा रेलमधला दाब कमी. यावर हायप्रेशर पंपच गेला असे सांगितले जाते. परंतु डिझेल फिल्टर चोंदला, टाकीकडून येणारा पाइप हवा ओढू लागला, तरी हाच कोड येतो. पी ०२९९ म्हणजे टर्बोची हवा कमी पडते. टर्बो बदलण्याआधी इंटरकूलरचा रबरी पाइप चिरला आहे का, त्याची क्लिप सैल आहे का, हे कोणी पाहिले? पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून पुरेसा धूर फिरत नाही. व्हॉल्व्ह चांगला असून वाट काजळीने बुजलेली असू शकते. पेट्रोल वा सीएनजी गाडीवर पी ०४२० आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे नाव निघते. हा महागडा पार्ट. पण सायलेन्सरच्या पाइपाला सेन्सरजवळ गळती असली, किंवा एखादा सिलिंडर नीट पेटत नसला, तरी तोच कोड दिसू शकतो. सिलिंडरचा दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही खराब होणार.

सेन्सर हा साक्षीदार आहे. त्याने खरी साक्ष दिली म्हणून त्यालाच शिक्षा करण्यात काय अर्थ?

दिवा विझतो आणि श्रेय भलत्यालाच

"पण पार्ट टाकल्यावर दिवा गेला होता की," असे आपण म्हणाल. तेही समजून घ्या. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत आढळले तरच संगणक दिवा लावतो. पुढे सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर तो आपण होऊन दिवा विझवतो. शिवाय पार्ट टाकताना फिटर स्कॅनरने कोड पुसतो, म्हणजे दिवा तसाही जाणारच होता. पुसल्यानंतर संगणकाला आपल्या सगळ्या तपासण्या नव्याने कराव्या लागतात, आणि त्यातल्या काही पुऱ्या व्हायला अनेक दिवस, वेगवेगळ्या वेगाने गाडी चालावी लागते. तेव्हा आठ दिवस दिवा लागला नाही, एवढ्यावरून दुरुस्ती झाली असे मानू नका. अधूनमधून होणारा दोष, जसे की सैल कपलर, चार दिवस गप्प बसतो आणि पहिल्याच खड्ड्यात पुन्हा बोलतो.

म्हणून पहिला नियम असा की कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू द्यायचा नाही आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा नाही. कोडबरोबर संगणक त्या क्षणाची नोंदही ठेवतो. दिवा लागला तेव्हा इंजिन किती फेऱ्यांवर होते, किती तापले होते, लोड किती होता, वेग किती होता, हे त्यात असते. कोड पुसला की हा पंचनामाही पुसला जातो. वहीत आपलीही नोंद ठेवा. तारीख, किलोमीटर, गाडी भरलेली की रिकामी, घाट होता की सपाट रस्ता, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, पाऊस होता का, डिझेल कुठे भरले, कोणते काम करून घेतले. तीनदा दिवा लागला आणि तिन्ही वेळा गाडी आदल्या दिवशी धुतलेली निघाली, तर दोष पाण्याशी आणि वायरिंगशी आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आधी फुकटची तपासणी

दिव्याचा रंग पहा. ऑइलच्या दाबाचा वा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करायची, गाव दोन किलोमीटरवर असले तरी. पेट्रोल वा सीएनजी गाडीचा पिवळा दिवा मिचकावू लागला तर सिलिंडर पेटत नाही आणि न जळलेले इंधन सायलेन्सरकडे जात आहे असे समजा. वेग कमी करा, लोड काढा, शक्य तितक्या लवकर थांबा. पिवळा दिवा स्थिर असेल, गाडीची ओढ, धूर, आवाज नेहमीसारखे असतील, तर घाबरण्याचे कारण नाही, पण महिनोन् महिने दुर्लक्षही नको.

त्यानंतर बॅटरी. कमी व्होल्टेजने संगणक गोंधळतो आणि भलतेच कोड दाखवतो. एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड आले की आधी बॅटरी आणि अर्थिंगकडेच बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा आकडा साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट असतो, आणि इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा, नट आवळा. मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर धरून स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला तर अर्थची वायर खराब. ही वायर बदलायला लागतात किती पैसे, याचा विचार करा.

मग डोळे उघडे ठेवून बॉनेटखाली पहा. गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीजवळ गाडी उभी राहते. तिथे उंदीर असतातच, आणि इंजिनच्या उबेला बसून ते वायर कुरतडतात. लेंड्या दिसल्या की अर्धे निदान झाले. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतले की कपलरमध्ये पाणी शिरते. स्पीकर, हॉर्न, जादा दिवे बसवताना कोणी मूळ वायरिंग सोलून जोड मारला आहे का तेही बघा. एअर फिल्टर, हवेचे पाइप, क्लिपा, डिझेल फिल्टरखाली साचलेले पाणी, यातले काहीही पाहायला मोठे यंत्र लागत नाही. ड्रममध्ये साठवलेले डिझेल वापरत असाल तर पाण्याचा संशय आधी घ्यावा.

साधा कोड रीडर आता हजार-दोन हजारांत मिळतो आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लागतो. (ट्रॅक्टर आणि मोठ्या ट्रकना तो बहुधा चालत नाही, हे लक्षात ठेवा.) त्यातून कोडच नव्हे, चालू मापेही दिसतात. एक सोपी परीक्षा सांगतो. पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, नुसती चावी फिरवून शीतक पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचा. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या जवळपास हवेत. एखादा उणे ४० अंश दाखवत असेल तर आपल्या गावात बर्फ पडलेला नाही, वायर तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे. पेट्रोल गाडीत पहिला सिलिंडर पेटत नाही असा पी ०३०१ कोड आला तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉइल आपसात बदलून पहावी. कोड पी ०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइल बदला. पी ०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष. पार्ट विकत न घेता घेतलेली ही साक्ष आहे. डिझेलच्या इंजेक्टरला मात्र हा प्रयोग घरी करू नका. अनेक गाड्यांत त्यांचे क्रमांक संगणकात भरावे लागतात.

जुन्या सवयी आता महागात

जुन्या डिझेल इंजिनवर आपल्या मिस्त्रींचा हात बसलेला आहे, त्याबद्दल आदरच आहे. तथापि काही जुन्या युक्त्या नव्या गाडीवर घातक ठरतात. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनामो तपासण्याची रीत सोडली पाहिजे. त्या झटक्याने संगणक जळू शकतो. इंजेक्टरच्या पाइपाचा नट चालू इंजिनवर सैल करून कोणता सिलिंडर मारतो हे पाहणे तर जिवावर बेतेल. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची ती सुईसारखी धार कातडीतून आत घुसते. हौद्याला वा कॅरिअरला वेल्डिंग करताना बॅटरी आधी सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा.

सायलेन्सरमधली काजळी आणि पोत्यातला युरिया

नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ नावाची काजळी गाळणारी जाळी असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी तिथे साधारण ५५० ते ६०० अंश उष्णता लागते. गाडी मोठ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालली की हे काम आपोआप होते. आपली दुधाची गाडी मात्र दोन किलोमीटर जाते, थांबते, इंजिन चालूच, कॅन चढतात, पुन्हा अर्धा किलोमीटर. काजळी जळायला सुरुवात होते तोच गाडी बंद होते. असे रोज झाले की पी २४६३ हा काजळीचा कोड येणारच. तिथे जाळी बदलून काय होणार? नवी जाळीही काही महिन्यांत भरेल. आठवड्यातून एक-दोनदा गाडी मुद्दाम हमरस्त्यावर नेणे, कंपनीने सांगितलेले कमी राखेचे ऑइल वापरणे, आणि ऑइलची पातळी आपोआप वाढत नाही ना हे काडीवर पाहणे, हा खरा उपाय. पातळी वाढली तर ऑइलमध्ये डिझेल उतरत आहे असे समजून ते बदला. काजळी जळत असताना गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका, आग लागेल. आणि कोणी "जाळीच काढून टाकतो" म्हणाला तर नको म्हणा. ते कायद्यात बसत नाही आणि पुढे गाडीची किंमतही जाते.

काही गाड्यांना युरियाचे द्रावण लागते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी असते. पोत्यातला युरिया बादलीत ढवळून तो टाकण्याची अक्कल काही जण लढवतात. बंधूंनो, २०१५ पासून खताच्या युरियावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो लेप आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार धुराच्या यंत्रणेचे वाटोळे करतात. शिवाय अनुदानाचे खत शेताबाहेर वापरणे हा गुन्हा आहे.

दोष एकट्या फिटरचा नाही

आता थोडे कडू बोलतो. आपण तपासणीचे पैसे द्यायला का-कू करतो. फिटरने दोन तास डोके घालून चिरलेली वायर शोधली आणि पाचशे रुपये मागितले तर "एवढ्याशा वायरचे पाचशे?" म्हणून हुज्जत घालतो. तोच फिटर आठ हजारांचा पार्ट टाकून मोकळा झाला तर मुकाट्याने मोजतो. मग त्या बिचाऱ्याने शोध कशाला घ्यावा? पार्ट विकूनच त्याचे घर चालणार. बुद्धीला मोल दिल्याशिवाय बुद्धीचे काम होत नाही. माझे स्पष्ट मत आहे की तपासणीचा आकार वेगळा ठरवावा, तो आनंदाने द्यावा, आणि पार्ट मात्र पुराव्याशिवाय घेऊ नये.

यावर फिटरही म्हणतील, "गिऱ्हाईक दारात उभं, गाडीत टोमॅटो भरलेला, आम्ही तपासत कधी बसायचं?" त्यात तथ्य आहे. खरोखर पार्ट जातात, आणि नासका माल रस्त्यात अडकण्यापेक्षा संशयावर पार्ट टाकणे कधी परवडते. पण तो अपवाद असावा. एकदा टाकून दिवा परतला तर दुसरा पार्ट अंदाजाने टाकायचा नाही, एवढी रेघ दोघांनी ओढली तरी पुष्कळ झाले.

पंचायतीने काय करावे

सरपंच आणि भाऊसाहेबांना एक सूचना आहे. पंचायतीच्या गाडीचे बिल मंजूर करताना चार गोष्टी मागा. दुरुस्तीआधीचा कोड, त्यावरून कोणती तपासणी केली, काढलेला जुना पार्ट, आणि दुरुस्तीनंतर गाडी चालवून पुन्हा घेतलेले वाचन. हे सारे गाडीच्या लॉगबुकात चिकटवा. वर्षअखेर लेखापरीक्षणात "एकच सेन्सर तीनदा कसा?" असा शेरा येण्यापेक्षा हे सोपे. घंटागाडी डिझेलची असेल तर चालकाला आठवड्याची एक लांब फेरी नेमून द्या. घरोघरी थांबत फिरून तिची जाळी भरते.

एकेका शेतकऱ्याने चांगला स्कॅनर घेणे परवडणारे नाही. पण विविध कार्यकारी सोसायटी किंवा दूध संस्था एक घेऊ शकते. माती परीक्षणाला आपण नमुना देतो, तसे नाममात्र आकारात कोड वाचून छापील कागद मिळाला, तर शेतकरी हातात कागद घेऊन गॅरेजात जाईल. तालुक्याच्या आयटीआयने गावोगावच्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचे वर्ग घ्यावेत. मुले शिकतील, पण आज हाताशी असलेला मिस्त्री शिकला तर उद्यापासूनच फायदा.

कंपन्यांनाही जाब विचारला पाहिजे. कोडचा अर्थ, तपासणीचा क्रम, वायरिंगचा नकाशा ही माहिती शोरूमच्या कुलपात कशासाठी? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या दोन्ही आहेत. पण पोर्टलवर चार पत्ते टाकून भागणार नाही. ट्रॅक्टर घेणाऱ्याला ट्रॅक्टरची भाषाही मिळाली पाहिजे, तीही मराठीत. तोवर नको तो पार्ट गळ्यात मारला गेलाच, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. स्वतःच्या उपजीविकेसाठी गाडी चालवणारा कायद्याने ग्राहकच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मूल्याच्या तक्रारीला फी नाही. मात्र तिथे बिल, कोडचा कागद आणि जुना पार्ट लागेल. तेव्हा हे तिन्ही गॅरेजातून निघतानाच ताब्यात घ्या.

पुढच्या वेळी पिवळा दिवा लागला की चावी फिटरकडे देण्याआधी वही उघडा, तारीख आणि किलोमीटर टाका, बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा. आणि फिटरला विचारा, "हा पार्ट गेलाय हे तुम्ही कशावरून म्हणता?" उत्तरात नुसता कोड सांगितला तर म्हणा, "तो मलाही कळला. कारण सांगा."